गेलेल्यांचा मान आणि राहिलेल्यांचं मत

२०२३ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. इथे न्यूझीलंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. मुख्य दिवसाच्या बरंच आधी मतदान केंद्रं उघडतात, म्हणून ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीतच मत देऊन टाकलं होतं. त्याचा मतदारसंघ पोर्ट वायकाटो, ऑकलंडच्या दक्षिणेला. १४ ऑक्टोबरच्या मतदानाला जेमतेम पाच-सहा दिवस उरले असताना तिथले ॲक्ट पक्षाचे उमेदवार नील क्रिस्टेन्सन यांचं निधन झालं. कायद्यानुसार तिथली उमेदवाराची निवडणूकच रद्द झाली. सहकाऱ्याने पक्षाला दिलेलं मत तेवढं मोजलं गेलं. उमेदवारासाठी त्याला २५ नोव्हेंबरला पुन्हा मत द्यायची संधी मिळाली.

नाशिकला बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, आपल्याकडे तर गेलेला माणूससुद्धा निवडून येतो!"

बाबा चेष्टा करत नव्हते. २०१४ मध्ये आंध्रातल्या अल्लागड्डा इथल्या उमेदवार शोभा नागी रेड्डी मतदानाच्या आधीच अपघातात गेल्या. आपल्याकडे मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार गेला तरच मतदान पुढे ढकलतात आणि पक्षाला नवा उमेदवार देता येतो. त्यांच्या पक्षाला तेव्हा मान्यता नव्हती, त्यामुळे मतदान झालं आणि त्या सुमारे १८ हजार मतांनी जिंकल्या. २०२१ मध्ये बंगालच्या खरदहमध्ये काजल सिन्हा मतदानानंतर कोरोनाने गेले आणि मतमोजणीत विजयी ठरले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा प्रसंगाला 'एज केस' म्हणतो. क्वचितच येतो, पण आला की नियम कुणासाठी लिहिलाय ते कळतं. आपला नियमही उगाच आलेला नाही. पूर्वी कुठलाही उमेदवार गेला की मतदान रद्द व्हायचं. म्हणजे निवडणूक थांबवायची तर एखाद्या अपक्षाचा जीव घेतला की झालं! ती वाट बंद करणं गरजेचंच होतं. आणि गेलेल्या माणसाला मत देणारे वेडे नसतात. मशीनवरच्या बाकीच्या नावांपैकी आम्हाला कुणी नको, असंच ते सांगत असतात.

माझी तक्रार आहे ती पुढच्या पायरीबद्दल. अल्लागड्डाची पोटनिवडणूक झालीच नाही. शोभाताईंची मुलगी बिनविरोध आमदार झाली. महाराष्ट्रात २०२२ साली आमदार रमेश लटके गेल्यावर अंधेरी पूर्वला पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके उभ्या राहिल्या, आणि भाजपने संस्कृतीचा दाखला देत माघार घेतली. ऋतुजाताई जिंकल्या, पण दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? 'नोटा', १२,८०६ मतं! बाबांना हे मी सांगितलं, तर ते थोडं थांबून म्हणाले, "दुःखात असलेल्या घरासमोर उभं राहणं बरं नाही दिसत रे."

बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. इथेही ॲक्ट आणि लेबर या पक्षांनी पोर्ट वायकाटोत नंतर उमेदवार दिला नाही. तरी नॅशनलचे अँड्र्यू बेली यांना बाकीच्यांशी लढूनच जागा मिळवावी लागली. गेलेल्या माणसाचं घर उभं राहिलं तर जरूर राहावं, मतंही मागावीत. पण समोर कुणीतरी हवं. श्रद्धांजली वाहायला सभागृह आहे. मतदारसंघ काही कुणाच्या सातबाऱ्यावर नाही.

माझं नाव अजून नाशिकच्या यादीत आहे, पण परदेशातल्या भारतीयाला मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. विमानाच्या तिकिटाचे पैसे मोजून मत द्यायचं म्हटलं की त्याची किंमत जरा जास्त कळते. म्हणून गावाकडच्या मंडळींना एकच विनंती. यापुढे तुमच्याकडे कुणी 'बिनविरोध करूया' म्हणत आलं, तर हात जोडून नाही म्हणा. तुमच्या वाटचं बटण दुसऱ्या कुणाच्या दुःखापोटी सोडून देऊ नका.