सात दिवस, दोन चाके आणि भरती-ओहोटी

परीक्षा संपल्या किंवा नोकरीत आठवड्याची रजा मिळाली, की तरुण मुलामुलींच्या मनात प्रवासाचे बेत आकार घेऊ लागतात. अलीकडे या बेतांत सायकलीचा क्रमांक बराच वर आला आहे. मात्र घरात हा विषय निघताच दोन टोके दिसतात. मुलांचा उत्साह ‘रोज शंभर किलोमीटर’ अशा संख्येत बोलतो आणि वडीलधाऱ्यांची काळजी ‘नकोच ते’ एवढ्या दोन शब्दांत संपते. मुलगा असेल तर परवानगी कुरकुरत का होईना मिळते, मुलगी असेल तर तीही अवघड होते. नीट आखलेला आराखडा या दोन टोकांना जवळ आणू शकतो. हा आराखडा तरुणांनी स्वतः कागदावर उतरवावा, पालकांनी त्यावर प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे मात्र मुलांनाच शोधू द्यावीत.

उदाहरणादाखल रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याचा विचार करता येईल. मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा हा मार्ग खाड्यांच्या तरी धरून सुमारे १४० किलोमीटरचा आहे. सराईत सायकलस्वार तो दोन दिवसांत संपवील. परंतु रमतगमत जाणाऱ्याने त्याला सात दिवस द्यावेत. अशा सहलीत सायकल दिवसाचे दोन-तीन तासच चालवायची असते. उरलेला वेळ पाहण्यासाठी, विचारपूस करण्यासाठी आणि विसाव्यासाठी असतो.

आखणीची सुरुवात मात्र नकाशापासून न करता पंचांगापासून करावी. या किनाऱ्यावर वेळेचा खरा धनी समुद्र आहे. कोळी बांधवांचा एक जुना ठोकताळा येथे कामी येतो. तिथीच्या अंकाला तीनने गुणून चारने भागले, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. अर्थात सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी अधिक चढते आणि तितकेच अधिक ओसरते. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी सांभाळली जाते, तेथील मुलांना ही आकडेमोड जड जाऊ नये.

आता हा हिशेब आठवड्याला लावून पाहावा. पहिला दिवस प्रतिपदेचा धरावा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली. तिच्यातून सायकली घेऊन तासाभरात पलीकडे उतरता येते. तेथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर. वाटेत थळच्या किनाऱ्यावरून समुद्रातील खांदेरी किल्ला दिसतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी तो एक.

दुसऱ्या दिवशी द्वितीया. भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात पायी जाण्यास ही वेळ उत्तम. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे आणि नागाव-चौलच्या वाड्यांमधून रेवदंड्यापर्यंतचे सुमारे १७ किलोमीटर सावकाश कापावेत. चौल हे प्राचीन बंदर. १५ व्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच उतरला होता. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या कोटाचे अवशेष आजही उभे आहेत.

तिसरा दिवस सर्वांत मोठा. खाडीवरील पूल ओलांडून कोर्लई, काशीद आणि मग मुरूड, सुमारे ३३ किलोमीटर आणि मध्ये काही चढ. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या संगमातून जन्मलेली एक स्वतंत्र बोली आजही बोलली जाते. चढावर सायकल हाताने ढकलत नेण्यात कमीपणा नाही, हे गटातील प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे.

चौथ्या दिवशी सायकलींना पूर्ण विश्रांती द्यावी. आराखड्यातील हा रिकामा दिवस अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो. पण पंक्चर, पाऊस, ताप किंवा चुकलेली बोट यांपैकी काहीही झाले, तर सारा आठवडा सावरतो तो याच दिवसाच्या बळावर. सगळे सुरळीत असेल, तर राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. सिद्दींचा हा जलदुर्ग अखेरपर्यंत कोणालाही जिंकता आला नाही. त्याच्यावर नजर ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्गही जवळच समुद्रात दिसतो.

पाचव्या दिवशी आगरदांड्याहून तरीने दिघीस उतरून दिवेआगर गाठावे. नारळी-पोफळीच्या बागांमधील हे गाव रूपनारायण मंदिरातील शिल्पासाठी पाहण्याजोगे आहे. सहाव्या दिवशी समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धन. अंतर २० किलोमीटरांच्या आतबाहेर, आणि बहुतेक वाट लाटांच्या सोबतीने. १७१३ साली पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे याच गावचे. सातव्या दिवशी सकाळी हरिहरेश्वर. त्या दिवशी सप्तमी असल्याने ओहोटी अकराच्या सुमारास येते. तेथील खडकांवरची प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी अत्यंत धोक्याची असते. म्हणून ओहोटीतही स्थानिकांना विचारूनच पाऊल टाकावे. परतीसाठी सायकलींसह नेणारा टेम्पो निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावा.

या सहलीला डिसेंबर-जानेवारीचा काळ योग्य. त्या दिवसांत सूर्यास्त सहा-सव्वासहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असणाऱ्यांनी मुक्कामी चारपर्यंत पोहोचण्याचे बंधन घालून घ्यावे. सायकलस्वारासाठीही ते हिताचेच, कारण अंधारातील वळणाचा रस्ता हाच या मार्गावरील मोठा धोका आहे. किनारपट्टीवरील बहुतेक खाणावळी मत्स्याहारी. त्यामुळे घरगुती निवासाच्या यजमानांना दोन दिवस आधी दूरध्वनी करून आपल्या भोजनाचे नियम स्पष्ट सांगावेत. वरण-भात, आमटी, केळफुलाची किंवा दुधीची भाजी हे कोकणातील घरांना नवे नाही. वेळ मात्र आधी कळवावी लागते. पिशवीत खाकरे, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे आणि उकळलेले पाणी असावे.

सामान पाठीवर न घेता सायकलीच्या कॅरिअरवर बांधावे. दोन जादा ट्यूब, हातपंप, पंक्चरचे साहित्य, मागचा लाल दिवा आणि प्रत्येकाला हेल्मेट, यांत तडजोड नको. ओल्या वाळूत सायकल नेण्याचा मोह टाळावा, खारे पाणी साखळीला गंज आणते. प्रवासापूर्वीचे तीन रविवार याच सामानासह २०-२५ किलोमीटर सराव करावा. आसन उंच की ठेंगणे, कोणाचे गुडघे दुखतात, कोण दमल्याचे लपवतो, हे सारे तेव्हाच कळते. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याने ठरवावा आणि अनुभवी व्यक्तीने सर्वांच्या मागे राहावे. पुढे गेलेल्याने प्रत्येक फाट्यावर मागच्याची वाट पाहावी, एवढा एक नियम पाळला तरी बरीच संकटे टळतात.

असा कागद समोर आला, की पालकांच्या ‘नकोच’ची जागा प्रश्न घेतात. मुक्काम कोठे, बोट चुकली तर काय, आजारी पडले तर जवळचा दवाखाना कोणता? या प्रश्नांची तयार उत्तरे देणाऱ्या मुलीला केवळ ती मुलगी आहे म्हणून अडवण्याचे कारण उरत नाही. पालकांनीही मग आपला वाटा उचलावा. दर तासाला फोन करून मुलांचा ठावठिकाणा विचारण्यापेक्षा, मुक्कामी पोहोचल्यावर एक फोन यावा असे ठरवावे आणि तोवर धीर धरावा. चढावर कोणासाठी थांबायचे, पाणी चढताना किल्ल्यातून केव्हा निघायचे, हे निर्णय त्या आठवड्यात मुलांना स्वतःच घ्यावे लागतील. ते घेता यावेत एवढी तयारी घरातून करून द्यावी आणि मग त्यांना निश्चिंतपणे निघू द्यावे.