कॅम्प नंबर म्हणजे घर नव्हे
छप्पर आणि क्रमांक दिला की निर्वासित वसला, ही समजूत खोटी आहे. पुरावा हवा? फाळणीनंतर सिंधी कुटुंबे कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसवली. नाव मिळाले, पत्ता मात्र आजही 'कॅम्प नंबर ३', 'कॅम्प नंबर ४' असाच सांगितला जातो! (रिक्षावाल्याला विचारून पाहा.)

आज संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था बोटांचे ठसे, बुबुळेसुद्धा नोंदवते. नोंदवू द्या. पण निर्वासितांसाठी ॲप घडवणाऱ्या स्वयंसेवकांनो, शिकारपूरचे की लाडकाण्याचे, घरात बोली कोणती, शेजारी कोण होते, हे प्रश्न तुमच्या यादीत कुठे आहेत? जुना शेजार न तोडता घरे वाटायला संगणक लागतो. १९४७ च्या कारकुनापाशी तो नव्हता, तुमच्यापाशी आहे.