राजम्याचे पाच दाणे

मागच्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात बी रुजवण्याचा प्रयोग होता. कुणी मटकी आणली, कुणी चवळी, कुणी वाल. एकाने भिजवलेला राजमा आणला. मधल्या सुट्टीत पैज लागली आणि एका पठ्ठ्याने पाच-सहा दाणे कच्चेच कराकरा खाल्ले. दोन तासांनी वर्गातच भडाभडा ओकला! डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळपर्यंत बरा झाला, पण तोवर माझा जीव टांगणीला. चूक माझीच. आधी बजावायला हवं होतं.

काय झालं असेल, सांगा पाहू? राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात. म्हणून राजमा निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्यात खळखळा उकळायचा. दहा मिनिटं तरी, अर्धा तास उत्तम. मग मऊ होईपर्यंत शिजवायचा. कुकरात नीट शिजला की काळजी नाही. मंद आचेवर अर्धाकच्चा राहिलेला राजमा मात्र कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो. आणि हो, मोड आले तरी राजमा कच्चा खायचा नाही.

मटकी-मुगाची गोष्ट वेगळी. दाण्यातलं लोह आणि जस्त फायटिक आम्लाने धरून ठेवलेलं असतं, जणू कुलूपच. बी जागं झालं की रोपासाठी ते स्वतःच कुलूप उघडू लागतं. त्याचा फायदा आपल्यालाही. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं 'क' जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. शिजवताना त्यातलं बरंच जातं, म्हणून उसळीवर लिंबू पिळायचं, तेही ताटात वाढल्यावर. लिंबामुळे लोहही अंगी लागतं.

आईबाबांसाठी एक गोष्ट. उसळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नका, 'ब१' जीवनसत्त्व नासतं. भिजवलेलं पाणी टाका, त्याबरोबर पोटात वायू करणाऱ्या साखरा थोड्या निघून जातात. शिजवलेलं पाणी मात्र ठेवा. पुरणाच्या डाळीचा कट आपण कधी फेकतो का?

काल त्याच पठ्ठ्याच्या डब्यात राजमा होता. "बाई, शिजलेला आहे!" तो लांबूनच ओरडला. तरी मी एक दाणा बोटांत चिरडून पाहिलाच.