जीएसटीची नोटीस आली तर सेटिंगवाला नको, वकील गाठा

2023 च्या सप्टेंबरमध्ये पांगरीच्या वैद्यनाथ साखर कारखान्याला जीएसटीची सुमारे 19 कोटींची नोटीस आली. आख्ख्या परळीत चर्चा झाली, समर्थकांनी पैसे गोळा करायला घेतले. मोंढ्यातल्या दुकानदाराला किंवा वीटभट्टीवाल्याला नोटीस आली तर वर्गणी निघत नाही. उलट तोच कुणाला कळू देत नाही.

मग तो गाठतो कुणाला? "साहेब ओळखीचे आहेत, मिटवून देतो" म्हणणाऱ्याला. थोडी रोख आत्ता, बाकी काम झाल्यावर. पावती नाही, वकीलपत्र नाही. आणि इकडे दिवस चाललेत.

मंडळी, हे दिवसच महाग पडतात. जीएसटीचा आदेश हाती आल्यापासून अपिलाला 3 महिने मिळतात. सबळ कारण असेल तर वर एक महिना. त्यानंतर अपील अधिकाऱ्यालाही उशीर माफ करता येत नाही. वेळेत अपील केलं तर वादातल्या कराच्या 10 टक्के भरून बाकी वसुली थांबते. नाही केलं तर कर, 18 टक्क्यांनी व्याज, दंड आणि एक दिवस बँकेतून फोन, की खातं गोठवलंय.

बरं, नोटीस कागदावर येईलच असं नाही. पोर्टलवर टाकली तरी कलम 169 प्रमाणे तो बजावण्याचा एक मार्ग आहे. आपल्याकडं कित्येकांच्या नोंदणीत मोबाईल नंबर रिटर्न भरणाऱ्याचा, पासवर्डही त्याच्याकडंच. त्यानं बघितलं नाही तर मालकाला पत्ताच नाही. आजच नंबर स्वतःचा टाकून घ्या.

रिटर्न भरणारा माणूस वाईट असं मी म्हणत नाही. त्याचं काम वेगळं. पण कारणे दाखवा नोटिशीला दोन ओळींचं उत्तर देऊन भागत नाही. समोरच्या व्यापाऱ्यानं रिटर्न भरलं नाही म्हणून तुमचं क्रेडिट नाकारलं असेल तर बिल, गाडीची बिल्टी, बँकेतून पैसे दिल्याचा पुरावा, सगळं लावून भांडावं लागतं. इथं गावातला वकील कामाला येतो. दुकानात बसून चोपड्या बघतो, मोंढ्याचा व्यवहार त्याला माहीत असतो. मात्र त्यानं कराची प्रकरणं चालवलीत का, हे तोंडावर विचारा. फौजदारीत नाव असलं म्हणून जीएसटी येतोच असं नाही. फी आधी ठरवा, लिहून घ्या. "जेवढे वाचवले त्यात टक्का" असा सौदा वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानं करताच येत नाही. तसं बोलणारा भेटला तर उठून या.

आणि कर खरोखर देणं असेल तर? भांडत बसू नका. कलम 80 खाली 24 मासिक हप्त्यांपर्यंत सवलत मागता येते, व्याजासह. स्वतः रिटर्नमध्ये दाखवून न भरलेल्या कराला मात्र ती नाही. 2017-18 ते 2019-20 च्या काही प्रकरणांत तर पूर्ण कर भरला की व्याज-दंड माफ, अशी योजना होती. ती मुदत 31 मार्च 2025 ला गेली. सेटिंगवाल्यानं सांगितली होती का कुणाला?

परळीच्या वकील मंडळींना आणि व्यापारी संघटनेला माझी जाहीर विनंती आहे. महिन्यातला एक दिवस मोंढ्यात टेबल टाका, नोटिसा वाचून द्या. तारीख ठरली की सांगा, याच पानावर टाकतो.