हा खर्च कुणाच्या पदरी?



१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर लागला. बायका बोलल्या, सह्या गोळा झाल्या, आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. मोठ्या माणसांच्या डायपरवरचे १२ टक्के मात्र तसेच राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ते ५ वर आले. सात वर्षे हा फरक आपल्याला बोचला नाही, कारण लघवी-शौचावर ताबा न राहण्याबद्दल आपणही बोलत नाही.

देवनारच्या वस्त्यांत हे दुखणे पडद्याआड असते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले सासरे. चार-पाच बाळंतपणांनंतर अंग बाहेर आलेली, खोकली तरी लुगडे ओले होणारी आई. एक डायपर ३५ रुपयांचा धरा, दिवसाला तीन धरा. महिन्याचे झाले ३,१५० रुपये. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला मिळतात १,५००. उरलेले येतात कुठून? घरातल्या बाईच्या ताटातून आणि तिच्या टाळलेल्या औषधपाण्यातून.

जिथे तेही शक्य नाही, तिथे जुन्या साड्यांच्या घड्या वापरतात. कापड फुकटचे, असे म्हणणे सोपे आहे. पण ते धुवायला पाणी लागते आणि इथल्या अनेक गल्ल्यांत पाणी विकत घ्यावे लागते. वाळवायला जागा लागते, ती दहा बाय दहाच्या खोलीत नसते. धुणारे हात सुनेचे किंवा मुलीचे असतात. रात्री दोनदा उठून कापड बदलणाऱ्या आणि सकाळी कामावर जाणाऱ्या त्या हातांची मजुरी कुणी हिशोबात धरली आहे?

शिवाय, डायपर दर वेळी आजारामुळेच लागतो असे नाही. संडास लांब, रांग मोठी, वाटेवर अंधार. अशा वेळी आजीला डायपर लागतो तो जवळ संडास नसल्यामुळे. २०११ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न रस्त्यावर आणला. डायपरचा खर्चही त्याच प्रश्नाचे शेपूट आहे. महापालिकेने वाचवलेला पैसा अशा घरांना महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो.

तोवर काय करता येईल? आधी डॉक्टरांना दाखवा. जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठ, काही औषधे यांमुळेही लघवी सुटते आणि उपचाराने ती आटोक्यात येऊ शकते. खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याच्या व्यायामाने पुष्कळ बायकांना फरक पडतो. तो नीट शिकून घ्या. दर दोन-तीन तासांनी रुग्णाला भांडे द्या. दिवसा कापड, रात्री डायपर, असे केले तर नग कमी लागतात. कमरेचे माप घेऊनच डायपर आणा; सैल असला तर गळतो आणि वाया जातो. पण पैसे वाचवायला ओला डायपर तासन् तास ठेवू नका, पाणीही तोडू नका. कातडी सोलवटली, जखमा झाल्या की त्यांचा खर्च कितीतरी मोठा. आणि वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, खूण करून वेगळा द्या. नाहीतर तो कचरा वेचणाऱ्या आपल्याच एखाद्या बहिणीच्या उघड्या हाताला लागतो. १९२७ पासूनच्या डंपिंग ग्राउंडशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.

मात्र काटकसर हे उत्तर नव्हे. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील गरजूंना एकदाच ३,००० रुपये मिळतात. यादीत चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, कमोड खुर्ची आहे, डायपर नाही. असता तरी ती रक्कम महिनाभरही पुरली नसती. म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात: उरलेला ५ टक्के कर काढा, पालिकेच्या दवाखान्यातून गरजूंना डायपर दरमहा द्या, आणि म्हाताऱ्या माणसाला चालवेल इतक्या अंतरावर रात्री उघडा राहणारा संडास द्या.

पॅडवरचा कर आपण बोललो म्हणून गेला. आता घरातला हा हिशोबही मांडू या. महिन्याला किती नग, किती रुपये, किती हंडे पाणी, रात्री किती वेळा जाग, हे आम्हाला लिहून पाठवा. नाव घातले नाही तरी चालेल. आकडे मात्र खरे पाठवा. ते घेऊनच आपण वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या चढणार आहोत.