पाहुणी कोण, आणि कोणाच्या सोयीनं?



१९९४ सालची गोष्ट. आमच्या मंडळीतली एक बहीण नवऱ्याच्या माराला कंटाळून पाळकसाहेबांकडे गेली. ओठ फुटलेला, कडेवर लेकरू. मी सोबत होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, त्यांचे डोळे भरून आले (खोटे नव्हते ते, हे मुद्दाम सांगते) आणि म्हणाले, "बाई, आपण या जगात पाहुणे. आपलं खरं घर वर आहे. सोस थोडं."

ती परत गेली. ज्या घरी गेली ते वर नव्हतं, देवळामागच्या तिसऱ्या गल्लीत होतं.

मी श्रद्धावंत ख्रिस्ती बाई आहे. या जगात आपण बसत नाही, ही भावना मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. पैसा, जात आणि मनगटाचा जोर यांवर चालणाऱ्या जगात ख्रिस्ताच्या माणसाला परकं वाटलंच पाहिजे. माझं भांडण त्या भावनेशी नाही. ती कोणाच्या गळ्यात बांधली जाते, याच्याशी आहे. देवळाच्या जमिनीचे वाद कोर्टात लढवताना, कमिटीच्या निवडणुकीत गट पाडताना आमच्या पुरुषांना हे जग अगदी स्वतःचं वाटतं. मार खाणारी बाई दारात आली की मात्र सगळेच प्रवासी!

विश्वासी लोक या जगात उपरे आहेत, असं पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिसरा अध्याय सुरू होतो तोच बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं, या आज्ञेनं. दोन्हींवरची प्रवचनं मी शेकड्यांनी ऐकली. पण आपण या जगाचे नाही, तर नवरा मालक आणि बायको दासी ही या जगाचीच रीत आपल्या घरात का, हा प्रश्न कोणी व्यासपीठावरून विचारल्याचं मला आठवत नाही. तो मी आमच्या महिला मंडळात विचारला तेव्हा चहा लवकर आला.

आणि कायदा? १८६९ चा घटस्फोट कायदा आमच्यावर इंग्रजांनी लादला, तो स्वतंत्र भारतानंही पन्नास वर्षं तसाच ठेवला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा परित्याग, असं काहीतरी जोडीला दाखवावं लागे. नुसता मार पुरत नसे. कोर्टाकडून वेगळं राहता येई, मोकळं होता येत नसे. केरळ उच्च न्यायालयानं १९९५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ मध्ये ही अट मोडली. संसदेला जाग आली २००१ साली.

पंडिता रमाबाईंचा फोटो आमच्या प्रत्येक महिला मेळाव्यात असतो. हार घालतो, पुढं काय? रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या धर्मगुरूंनाही त्या जड गेल्या. त्यांनी मुलग्यांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली, आणि काय मानायचं हे चर्चच्या सांगण्यावरून ठरवायला रमाबाईंनी नकार दिला. इकडे पुण्यात १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून पालकांनी शारदा सदनातल्या मुली काढून नेल्या. दोन्हीकडे उपऱ्या. त्या बाईंनी 'वर' बघत दिवस काढले नाहीत. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, दुष्काळातून वाचवलेल्या मुलींना छापखान्यात टाइप जुळवायला शिकवलं. परकेपणाचा अर्थ त्यांनी लावला तो असा.

आता तुमच्याकडे वळते, रागावू नका. आपल्या संघटनांतही मी पाहुणीच होते. हळदीकुंकवाला पर्याय म्हणून आपण तिळगूळ समारंभ केला. विधवांना बोलावलं, छान केलं. पण माझं कपाळ मोकळं बघून एकीनं हळूच विचारलं, "कधी गेले हो?" नवरा बाहेर स्कूटर लावत होता. हसलो आपण तेव्हा. तरी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं कोणती बाई येते, हे त्यातून कळलंच. व्यक्तिगत कायद्यांवरच्या आपल्या शिबिरांत शाहबानोवर दोन-दोन सत्रं झाली, १८६९ च्या कायद्यावर पाऊण तास मिळावा म्हणून मला भांडावं लागलं.

ती बहीण? १९९७ चा निकाल आल्यावर तिनं अर्ज केला. काही वर्षं गेली, पण सुटली. त्या रविवारी ती देवळात नेहमीच्याच बाकावर, पुढून दुसऱ्या, येऊन बसली. शेजारची जागा दोन आठवडे रिकामी राहिली. तिसऱ्या आठवड्यात पाळकीणबाई उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. पाळकसाहेब उपदेश करत होते, ते क्षणभर थांबले.