आहार बदला, परंतु पादांशाने

२०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारी-बाजरीला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. आमच्या नळदुर्ग परिसरात ज्वारीची भाकरी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. मधल्या काळात गव्हाच्या पोळीने तिची जागा घेतली होती. आता मधुमेही व स्थूल रुग्णांना आपण सर्वच वैद्य पुन्हा भाकरीकडे वळवीत आहोत. हे योग्यच आहे. मात्र हा बदल ज्या घाईने करविला जातो, तिच्याविषयी समव्यावसायिकांशी व औषधालय-चालकांशी चार शब्द बोलणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी साठी ओलांडलेले एक शेतकरी मधुमेहासाठी आमच्याकडे आले. रक्तदाबाचा विकार त्यांना जुनाच होता. एकाच भेटीत आम्ही त्यांचा गहू व भात बंद केला आणि दोन्ही वेळा भाकरी, मोड आलेली कडधान्ये व कच्च्या भाज्या सुरू केल्या. अग्निपरीक्षण केले ते नाममात्र. आठवड्याभरात त्यांचे पोट फुगू लागले. आमच्याकडे परत येण्याऐवजी त्यांनी दुकानातून लवणयुक्त पाचक चूर्ण आणले व कित्येक महिने जेवणानंतर चमचा-चमचा घेतले. पुढे पायांवर सूज आली, धाप लागू लागली आणि त्यांना सोलापूरला हलवावे लागले. ते बरे होऊन घरी आले, हे आमचे भाग्य. चूर्ण त्यांनी स्वतः आणले हे खरे. पण ते आणण्याची वेळ आमच्या पथ्याने आणली होती.

या संदर्भात आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर पोहोचविणाऱ्या उस्मानाबादी शेळीकडे पाहावे. ज्वारीचे दाणे आपण खातो आणि कडबा जनावरे खातात. एकाच ताटाचे हे दोन भाग दोन भिन्न कोष्ठांत पचतात. शेळीच्या चार कप्प्यांपैकी कोटीपोटात असंख्य सूक्ष्मजीव चाऱ्यातील तंतू आंबवितात व त्यातून तयार होणारी मेदाम्ले तिला ऊर्जा देतात. तिच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर जवळजवळ नसते. क्षार मात्र विपुल असतो. रवंथ करताना तो कोटीपोटात उतरतो व तेथील आम्लता आवरून धरतो. हीच शेळी सुगीत खळ्यावर शिरून पोटभर ज्वारी खाते, तेव्हा दाण्यातील पिष्ट वेगाने आंबते, दुग्धाम्ल साचते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि वेळीच उपचार न झाल्यास जनावर दगावते. ज्वारी तीच, धान्य उत्तम, तरीही ते विष ठरते. म्हणूनच पशुवैद्यक खाद्य बदलताना जुने हळूहळू कमी व नवे हळूहळू अधिक करावयास सांगतात. कोटीपोटातील जीवसृष्टीला नव्या अन्नाशी जुळण्यास दोन ते तीन आठवडे लागतात.

मनुष्याला कोटीपोट नाही. आपले पिष्टपचन मुखातील लाळेपासून सुरू होते व मुख्यत्वे लघ्वंत्रात पूर्ण होते. परंतु धान्याचा कोंडा व कडधान्यांतील तंतू तेथे न पचता बृहदंत्रात पोहोचतात आणि तेथील सूक्ष्मजीव ते आंबवितात. त्यातून आंत्राच्या अंतस्त्वचेला पोषक अशी मेदाम्ले मिळतात, तसाच वायूही निर्माण होतो. तंतूंचे प्रमाण एकाएकी वाढविले की आध्मान होणारच. तो भाकरीचा दोष नव्हे, घाईचा आहे.

आपल्या आचार्यांनी हे कोष्ठ व अग्नी यांच्या भाषेत केव्हाच सांगून ठेवले आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात अहित सोडण्याचा व हित अंगीकारण्याचा पादांशिक क्रम दिला आहे. सवयीच्या अन्नाचा एक चतुर्थांश वगळावा, तेवढेच नवे अन्न घालावे, ते सात्म्य झाल्यावरच पुढील पाद उचलावा. विषमाग्नी व मंदाग्नीच्या रुग्णात तर याहूनही सावकाश जावे. आम्ही आता आरंभी एकाच वेळी भाकरी देतो, तीही ताजी व पातळ वरणासोबत. कडधान्ये शिजवून देतो आणि प्रत्येक पादानंतर रुग्णाला पुन्हा बोलावतो. यात वेळ जातो हे मान्य. पण चूर्णाची गरज अनेकांना पडतच नाही.

औषधालय-चालकांना आमची विनंती थोडी वेगळी आहे. शार्ङ्गधरोक्त लवणभास्कर चूर्णात चार लवणे पडतात व पाठानुसार त्यांचा वाटा सुमारे दोन पंचमांश भरतो. दिवसाला सहा ग्रॅम चूर्ण घेणाऱ्याच्या पोटात त्यातूनच अडीच ग्रॅमच्या आसपास लवण जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे निम्मी मर्यादा औषधातच संपली! चूर्ण वाईट नाही. योग्य रुग्णात, योग्य काळ ते उत्तमच आहे. परंतु तीच डबी मागावयास तिसऱ्यांदा आलेल्या ग्राहकाला "रक्तदाब आहे का? वैद्यांना दाखविले का?" एवढे दोन प्रश्न जरूर विचारावेत. वजन घटत असेल, मलावाटे रक्त जात असेल वा गिळण्यास त्रास होत असेल, तर चूर्ण न देता तपासणीसाठी पाठवावे. एका डबीची विक्री बुडेल, पण एक माणूस वाचेल.

अग्नी हे आपल्या शास्त्राचे मूळ आहे, असे आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो. शेळी राखणारा गुराखीही दावणीतले खाद्य एका दिवसात बदलत नाही. रुग्णाच्या ताटाबाबत आपण त्याच्याइतकी तरी सबुरी दाखवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.